डोक्यावरचा जागल्या

आग लागली तर धुराच्या वासाने आपल्याला जाग येईल, असा बहुतेकांचा समज असतो. त्याला कारणही आहे. दूध करपलं की आपण बाहेरच्या खोलीतून धावत आत जातो. शेजारच्या घरात भाजी लागली तर ती कुठली भाजी हेसुद्धा आपण सांगू शकतो. पण हे सगळं जागेपणी. गाढ झोपेत नाक जवळजवळ काम थांबवतं. कान मात्र पहाऱ्यावर असतात. बाळ कुरकुरलं की आई जागी होते, पण पलीकडच्या खोलीत गादी धुमसत असेल तर तीच आई झोपून राहते. शिवाय धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोप मोडण्याऐवजी माणसाला आणखी खोल झोपेत नेतो. म्हणूनच आगीत जाणारी बरीच माणसं भाजून जात नाहीत, धुराने गुदमरून जातात.

नाकाचं हे काम कानाकडे सोपवणारं एक छोटं यंत्र आहे. पुरणपोळीच्या डब्याच्या झाकणाएवढं असतं आणि छताला बसवतात. स्मोक अलार्म म्हणतात त्याला. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे. उपनगरांतल्या इमारतींमध्ये हे अलार्म बसवणं आणि तपासणं हे माझं काम आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली असा फिरत असतो, आणि शिडीवरून माणसांची घरं जरा वेगळी दिसतात.

आपल्या भागातल्या तीन घटना आधी आठवू. ४ जानेवारी २०१८च्या मध्यरात्रीनंतर अंधेरी पूर्वेला, मरोळच्या मैमून इमारतीत आग लागली आणि एकाच कुटुंबातली चार माणसं गेली. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी या सात मजली इमारतीत पहाटे तीनच्या सुमारास तळमजल्यावर आग लागली. खाली ठेवलेलं कापड आणि उभ्या असलेल्या गाड्या पेटल्या, आणि धूर वरच्या झोपलेल्या मजल्यांकडे निघाला. त्या दिवशी सात जणांचा मृत्यू झाला, चाळीसहून अधिक जखमी झाले. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी आठच्या सुमारास अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात, रिया पॅलेस इमारतीत दहाव्या मजल्यावरचं घर पेटलं. त्यात एक वृद्ध जोडपं आणि त्यांच्याकडे कामाला असलेली व्यक्ती असे तिघे दगावले. अलार्म असता तर ही माणसं वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं त्यांच्या घरच्यांवर अन्याय करणारं होईल. पण वेळेचा हिशोब पाहा. अग्निशमन दलाचा बंब निघतो तो कुणीतरी १०१ला फोन केल्यावर. फोन करणारा आधी जागा व्हावा लागतो. गच्चीवरची पाण्याची टाकी, जिन्यातला तांबडा पाइप, खाली वॉचमन, हे सगळं त्यानंतरचं. मधल्या त्या मिनिटांत घरात जागं असलेलं कुणी नसतं. पूर्वी गावात रात्री जागल्या फिरायचा, तसा घरात एक हवा.

हा जागल्या काम कसं करतो ते समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या तक्रारी तिथूनच निघतात. दुपारी बंद खोलीत छपरातून कवडसा पडतो. एरवी न दिसणारी धूळ त्या कवडशात चमकते. अलार्मच्या पोटात एक काळोखी डबी असते, तिच्यात प्रकाशाचा असाच बारीक झोत सोडलेला असतो. प्रकाश पाहणारा डोळा मुद्दाम बाजूला ठेवलेला असतो, त्याच्यावर झोत सरळ पडत नाही. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, थोडा त्या डोळ्यात जातो आणि भोंगा सुरू होतो. दुसऱ्या एका जुन्या प्रकारात अमेरिशियम नावाच्या किरणोत्सर्गी धातूचा कण असतो. भडकलेल्या ज्वाळा तो लवकर ओळखतो, पण धुमसणारी आग त्याला उशिरा कळते. आपल्याकडे पलंगाखाली डासांची कॉइल ठेवायची सवय आहे, गाद्या कापसाच्या आणि वायरिंग जुनं. अशी आग आधी बराच वेळ धुमसते. म्हणून मी कवडशाचा प्रकार घ्या म्हणतो. दुकानदाराकडे ‘फोटोइलेक्ट्रिक’ असं मागायचं. दोन खोल्यांच्या घराला पुरतील इतके अलार्म साधारण एका बऱ्या मिक्सरच्या किमतीत येतात.

आता तो लावायचा कुठे? परदेशी अलार्मबरोबर येणाऱ्या माहितीपत्रात चित्र असतं. मोठी खोली, उंच छत, आणि छताच्या मधोमध अलार्म. आपल्या खोलीच्या मधोमध पंखा असतो. तोही रात्रभर फिरणारा, एसी चालू असला तरी फिरणारा. पंख्याचा वारा धूर अलार्मपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून पात्याच्या टोकापासून अलार्म निदान तीन फूट दूर हवा. दहा बाय दहाची बेडरूम घ्या. मध्ये अठ्ठेचाळीस इंची पंखा, म्हणजे पातं मध्यापासून दोन फूट पोहोचतं. भिंत पाच फुटांवर. त्यातले दोन फूट पात्याने खाल्ले, उरले तीन. म्हणजे अलार्म अगदी भिंतीला टेकवावा लागणार. आणि भिंत व छत जिथे मिळतात त्या सांध्याच्या चार इंचांत हवा साचून राहते, धूर तिथे उशिरा शिरतो, तेव्हा तीही जागा बाद. मग उरतो कोपऱ्याकडचा भाग. दोन्ही भिंतींपासून एकेक फूट सोडा. ती जागा पंख्याच्या मध्यापासून साडेपाच फुटांहून थोडी जास्त भरते, म्हणजे पात्याच्या टोकापासून साडेतीन फुटांहून अधिक. झालं काम. बिचारे घरमालक म्हणतात, कोपऱ्यात बरा दिसत नाही. एसीच्या झोतासमोरची आणि बाथरूमच्या दाराजवळची जागाही टाळावी. गरम पाण्याची वाफ आणि धूर यांतला फरक त्या काळोख्या डबीला कळत नाही.

दोनच अलार्म घेणार असाल तर एक झोपायच्या खोलीत आणि दुसरा बेडरूम व बाहेरची खोली यांच्या मधल्या पॅसेजमध्ये लावा. पॅसेजवर माळा असेल तर माळ्याच्या खालच्या बाजूला. एसीमुळे बेडरूमचं दार बंद असतं. बंद दार धूर अडवतं, ते चांगलंच, पण ते पॅसेजमधल्या भोंग्याचा आवाजही अडवतं. एक वाजला की बाकीचे आपोआप वाजावेत अशी बिनतारी जोडणी असलेले अलार्म मिळतात, परवडत असतील तर तेच घ्यावेत. बसवताना स्लॅबला छोटं भोक पाडून गिट्टी आणि स्क्रूच वापरा. चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. पावसाळ्यात छत ओलं झालं की ती सुटते, आणि पडलेला अलार्म लोक टीव्हीच्या कपाटात ठेवून देतात. तिथे तो सुखाने राहतो.

बसवायला अर्धा तास लागतो. खरी परीक्षा पुढच्या महिन्यात असते. आपल्या घरात धूर हा रोजचा पाहुणा आहे. सकाळी उदबत्ती, संध्याकाळी धूप, दुपारी लाल मिरचीची फोडणी, शनिवारी बाळाला ओव्याची धुरी, गणपतीत कापूर. शिवाय डासांसाठी पालिकेची धूरफवारणी येते, तेव्हा अख्खी गल्ली पांढरी होते. अलार्म या सगळ्याला सारखाच ओरडतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत फोडणी घालताना एकाने छताखाली उभं राहून टॉवेल हलवायचा, हा स्वयंपाकाचाच भाग झालेला असतो. तिथे अलार्म काढता येत नाही म्हणून टॉवेल आहे. इथे आपण स्टुलावर चढतो, सेल काढतो आणि रिमोटमध्ये घालतो.

माझ्या कामात सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच. अलार्म जागेवर, दिसायला छान, पोटात सेल नाही. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतली एनएफपीए ही संस्था घरगुती आगींच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवते. घरातल्या आगींत होणाऱ्या मृत्यूंपैकी पाचात साधारण तीन मृत्यू अलार्म नसलेल्या किंवा न चालणाऱ्या घरांत होतात, असं तिच्या पाहण्यांत सातत्याने दिसतं. आणि अलार्म असून वाजला नाही, तर त्याचं नेहमीचं कारण सेल काढून ठेवलेला किंवा संपलेला. सेल संपत आला की अलार्म थोड्या थोड्या वेळाने एक बारीक ‘टिक’ असा आवाज करतो. गंमत अशी, की तो बहुधा पहाटेच सुरू होतो. हवा गार झाली की सेलचा जोर आणखी उतरतो, म्हणून. झोपमोड झालेला माणूस तो काढून फेकतो, आणि दिवसभरात नवा आणायचं विसरतो.

तेव्हा अलार्मशी भांडण होणार नाही अशी व्यवस्था आधीच करा. स्वयंपाकघरात धुराचा अलार्म लावूच नका. तिथे उष्णतेचा अलार्म लावा. तो धुराकडे पाहत नाही, साधारण ५७ अंश सेल्सिअसला वाजतो. फोडणीला तो दाद देत नाही. धुराचा अलार्म गॅसच्या शेगडीपासून दहा फूट तरी दूर असावा. देवघर पॅसेजमध्ये असेल तर अलार्म पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला. देव हलवायला कुणी तयार होत नाही आणि मी तसं सांगतही नाही. आवाज आठ-दहा मिनिटं थांबवण्याचं बटण असलेला अलार्म घ्या. गणपतीची आरती तेवढ्या वेळात आटोपते, निदान जिथे टाळ्या वाजवणाऱ्यांना भूक लागलेली असते तिथे तरी. धूरफवारणी, पेस्ट कंट्रोल किंवा घराचं रंगकाम असेल त्या दिवशी अलार्मवर प्लास्टिकची टोपी घाला आणि संध्याकाळी आठवणीने काढा. कंपनीची धूळ-टोपी काढायची राहून गेलेले अलार्म मी इतके पाहिले आहेत, की आता दारातून आत शिरताच माझी नजर वर जाते. रंगाऱ्याने मायेने पांढरा ऑइल पेंट दिलेले अलार्मही असतात. ते बदलावेच लागतात.

महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज ऐकायचा. तारीख लक्षात राहत नाही म्हणाल, तर एका आजींनी शोधलेला उपाय सांगतो. त्या संकष्टीला बटण दाबतात. चंद्रोदयाची वाट पाहत बसलेलं असतंच, तेवढ्यात नातवाला स्टुलावर चढवतात. उदबत्ती धरून तपासू नका. त्याने बाकी काही होत नाही, पण काजळी आत बसते आणि पुढे अलार्म विनाकारण वाजू लागतो. खंडेनवमीला आपण पेटी-पकडीपासून गाडीपर्यंत सगळ्या हत्यारांना फुलं वाहतो. त्याच दिवशी अलार्म खाली काढून कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, जाळीतली झुरळं काढायची आणि सेल नवा घालायचा. ओलं फडकं लावायचं नाही. काही अलार्ममध्ये दहा वर्षांचा सीलबंद सेल असतो, तिथे फक्त झाडणं. अलार्मचं आयुष्यही दहा वर्षांचंच. बनवल्याची तारीख मागे छापलेली असते. ती दिसत नाही म्हणून मी पुढच्या कडेवर मार्करने वर्ष लिहून ठेवतो.

थोडं गॅसविषयी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. म्हणून त्याची गळती सांगणारं यंत्र जमिनीपासून फूटभरात लावतात. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. उपनगरांत सिलिंडर जाऊन पाइप आलेली असंख्य घरं आहेत आणि त्यांतल्या काहींत यंत्र अजून खाली ओट्याच्या पायाशी बसलेलं आहे. ते वर, छतापासून फूटभरात घ्या. आणि यंत्र पाइपच्या वायूसाठी बनवलेलं आहे ना, तेही पाहून घ्या. बॅटरीवरच्या स्कूटरची बॅटरी रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावू नये, हेही सांगून टाकतो. वसईत २०२२ साली अशाच एका स्फोटात लहान मुलाचा जीव गेला. ती आग धुमसत नाही, एकदम भडकते. अलार्मने दिलेली मिनिटंही तिथे अपुरी पडतात.

आता घराबाहेर येऊ. उंच इमारतींत लॉबीत अलार्म असतात आणि त्यांच्या तारा खाली पॅनलला जातात. रहिवाशांना वाटतं, मग आपल्या घरात कशाला? लॉबीतला अलार्म लॉबीतला धूर पाहतो. तुमच्या बंद दाराआडचा धूर त्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि पॅनलची स्थिती काय असते? मुलुंडच्या एका सोसायटीत पॅनलवर पिवळा दिवा लागलेला होता. मी वॉचमनला विचारलं, हा कधीपासून? तो म्हणाला, साहेब, मी लागलो तेव्हापासून. त्याला नोकरीला चार वर्षं झाली होती. पिवळा दिवा म्हणजे दोष. आवाज बंद करायचं बटण कुणीतरी दाबून ठेवलं होतं आणि आतल्या बॅटरीला पोक आलं होतं.

याबाबत कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ साली झाला आणि डिसेंबर २००८पासून अमलात आला. इमारतीतली आगीची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे, म्हणजे व्यवहारात सोसायटीवर. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन दलाला द्यायचं असतं. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास जातात. त्यातली पाच मिनिटं हे प्रमाणपत्र पाहायला मागा. आणि कागद पाहून झाला की सेक्रेटरींना घेऊन पॅनलसमोर उभे राहा. दिवा हिरवा हवा.

अलार्म वाजला तर काय करायचं, हे घरात एकदा बोलून ठेवावं लागतं. घरातली आग असेल तर सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं, लिफ्ट टाळून जिन्याने उतरायचं आणि खाली जाऊन १०१ला फोन करायचा. दागिने, कागदपत्रं राहू द्यायची. पण धूर बाहेरून येत असेल तर गोष्ट उलटी होते. मुख्य दाराला हाताची मागची बाजू लावून पाहा. दार गरम असेल किंवा फटीतून धूर येत असेल तर उघडू नका. धुराने भरलेल्या जिन्यात चार मजले उतरणं जमत नाही. फटीला ओला टॉवेल लावा, रस्त्याकडच्या खिडकीत या, फोनवर मजला आणि खोली नंबर सांगा. खिडकीला बॉक्स ग्रिल असेल तर तिला आतून उघडणारी झडप असू द्या आणि तिची किल्ली तिथेच खिळ्याला टांगलेली. त्या झडपेवर तुळशीची कुंडी, त्यावर सायकल, असं ठेवू नका. रात्री मुख्य दाराचं कुलूप आतून किल्लीने लावायची सवय असेल तर तीही किल्ली ठरलेल्या जागी हवी. अंधारात, धुरात, खाली वाकून चालताना हाताला लागेल अशी.

शेवटचा मुद्दा वयस्कर मंडळींचा. बोरिवलीत, मुलुंडमध्ये अशी कितीतरी घरं आहेत जिथे दोघंच राहतात, मुलं पुण्याला किंवा परदेशी. नेहमीच्या अलार्मचा आवाज मोठा असतो, दहा फुटांवर ८५ डेसिबल, पण तो असतो बारीक, कर्कश, सुमारे ३,००० हर्ट्झचा. वय झालं की ऐकू येणं कमी होतं ते नेमकं अशाच बारीक आवाजांचं. रात्री कानातलं यंत्र काढून ठेवलेलं असतं. ५२० हर्ट्झचा, जाड आवाजाचा अलार्म अशा माणसांना जास्त चांगला जागं करतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. तो आपल्याकडे सहज मिळत नाही, मागवावा लागतो. निदान एवढं करा: आजोबा झोपलेले असताना, यंत्र काढलेलं असताना, दार लावून पॅसेजमधलं बटण दाबून पाहा. ते उठले नाहीत, तर अलार्म आहे म्हणून निर्धास्त राहायला नको.

मुलुंड पूर्वेच्या एका जुन्या इमारतीत दोन समोरासमोरच्या घरांनी यावर उत्तर काढलं. एका घरात ऐंशीच्या पुढच्या काकू एकट्या. समोर मध्यमवयीन जोडपं. मी काकूंच्या घरात दोन बिनतारी जोडणीचे अलार्म लावले आणि त्याच जोडणीतला तिसरा समोरच्या पॅसेजमध्ये. काकूंकडे धूर झाला की समोरच्यांची झोप उडते. काकूंच्या दाराची किल्ली समोरच्यांच्या की-होल्डरवर असते. पहिल्या महिन्यात काकूंनी डिंकाचे लाडू करायला घेतले, तेव्हा तूप तापून धूर झाला आणि समोरच्या वहिनी किल्ली घेऊन अनवाणी धावत आल्या. काकू खिडकी उघडत होत्या. त्यांना भोंगा ऐकूच आला नव्हता. आता दुपारचं काही तळायचं असलं की त्या आधी फोन करतात, आणि तळून झालं की वहिनी ताटली घेऊन येतातच.